अशुद्धाच्या मागावर

तुम्ही लायडनला उतरता तेव्हा 8 एप्रिल 1911 ही तारीख आहे. पंपांच्या आवाजात शेजारचा काय बोलतोय तेही कळत नाही. हाइके कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत द्रव हीलियमचं भांडं सकाळपासून तयार होतंय. त्यात काचेच्या केसासारख्या बारीक नळ्यांमध्ये भरलेला पारा सोडलाय. सोनं, प्लॅटिनम हाताशी असताना पाराच का? कारण पारा पुनःपुन्हा ऊर्ध्वपातन करून हवा तितका शुद्ध करता येतो, आणि ओनेस यांना वाटतंय की शेवटी उरणारा विद्युतरोध हा सगळा अशुद्धीचा. तापमान 4.2 केल्विनच्या खाली जातं आणि रोध एकदम नाहीसा होतो. हीच अतिसंवाहकता. वहीत ‘पारा जवळजवळ शून्य’ अशी नोंद पडते.

इथे फार थांबू नका. फक्त एक गोष्ट बघून घ्या. दोनेक वर्षांत याच प्रयोगशाळेत पाऱ्यात मुद्दाम सोनं आणि कॅडमियम मिसळून पाहतात, तरीही रोध नाहीसा होतोच. ज्या शुद्धतेसाठी एवढा आटापिटा केला, तिची या चमत्काराला गरजच नव्हती. शोध लागला खरा, पण तो चुकीच्या कारणासाठी निवडलेल्या धातूत.

आता जानेवारी 1987. जागा अलाबामातलं हंट्सव्हिल. मॉ-क्वेन वू आणि जिम अॅशबर्न यांच्या हातातली वडी पाहा. यट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड खलून, दाबून भट्टीत भाजलेली. रंग धड एक नाही, हिरव्यात काळं मिसळलंय. शाळेतल्या सरांनी ‘नीट मिसळलं नाहीस’ म्हणून परत पाठवली असती अशीच. पण ती 90 केल्विनच्या वरच अतिसंवाहक होते, म्हणजे महागडं हीलियम सोडून 77 केल्विनला उकळणारा स्वस्त द्रव नायट्रोजन पुरतो. ही किमया काळ्या भागाची होती. हिरवा भाग निव्वळ विद्युतरोधक. ह्यूस्टनचे पॉल चू यांच्या गटासह लिहिलेला शोधनिबंध छापखान्याच्या वाटेवर असताना त्यात यट्रियमच्या जागी यटर्बियमची खूण होती. ती चूक होती की चकवा, यावर लोक अजून कुजबुजतात.

काळा भाग वेगळा ओळखला गेला. त्यात यट्रियम, बेरियम, तांबं यांचं प्रमाण एक, दोन, तीन. पण एवढ्यानं भागत नाही. वडी भट्टीतून लालबुंद काढून झटकन गार केली, तर तिच्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि अतिसंवाहकता गायब. तीच वडी ऑक्सिजनच्या प्रवाहात 400 ते 500 अंश सेल्सियसला बराच वेळ ठेवून हळूहळू निववली, तर ऑक्सिजन आत शिरतो, स्फटिकाचा आकार बदलतो, आणि अतिसंवाहकता येते. रसायन तेच, भट्टी तीच; फरक निववण्यातला. घाईची माणसं या धंद्यात टिकत नाहीत. आणि तांब्याच्या जागी शेकडा दोन-तीन अणू जस्ताचे गेले, तरी अतिसंवाहकतेचं तापमान दणकन खाली येतं. लायडनच्या पाऱ्याचा उदारपणा या काळ्या वडीत अजिबात नाही.

पुढचा मुक्काम 1993 चा, कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरापलीकडे. चित्रकार हुसेन यांचं भलंमोठं भित्तिचित्र ओलांडून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आत या. गडद काच डोळ्यांवर धरा, कारण समोर आर्क भट्टी आहे. तांब्याच्या थाळीत खळगा, खालून गार पाणी फिरतंय. खळग्यात यट्रियम, निकेल आणि बोरॉनचे तुकडे. हवा काढून आर्गॉन भरलाय. आधी बाजूचा टायटॅनियमचा गोळा वितळवायचा, म्हणजे उरलासुरला ऑक्सिजन तो गिळतो. मग टंगस्टनच्या टोकाखाली ठिणगी, पांढरा प्रकाश, आणि तुकड्यांची एक गोळी. ती उलटायची, पुन्हा वितळवायची, पुन्हा उलटायची. शेवटी तराजू: वजन घटलं असेल तर काहीतरी उडून गेलं.

आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या गोळीत 12 केल्विनच्या आसपास अतिसंवाहकतेची चाहूल लागते. निकेलसारखा चुंबकी धातू एवढा भरलेल्या मिश्रधातूत ही अपेक्षाच नव्हती. पण चुंबकी मापन सांगतं की गोळीचा फार थोडा भाग अतिसंवाहक आहे. म्हणजे हे श्रेय मुख्य संयुगाचं नाही, त्यात शिरलेल्या कुणाचं तरी आहे. इथे बरेच जण ‘नमुना खराब’ म्हणून गोळी टाकून देतात. या मंडळींनी माग काढला आणि कार्बनपाशी पोचले. नकळत आलेला, चिमूटभर. मग तो मुद्दाम घातला, आणि चाहूल होती तिथे ठणठणीत अतिसंवाहकता आली. हा शोधनिबंध जानेवारी 1994 मध्ये आला. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या गटानं निकेलऐवजी पॅलॅडियम असलेल्या भावंडात 23 केल्विन गाठल्याचं छापलं. शुद्ध स्वरूपात तयार केलेलं निकेलचं संयुग 15 केल्विनच्या वर अतिसंवाहक होतं. त्याच्या सूत्रात एक यट्रियम, दोन निकेल, दोन बोरॉन आणि एक कार्बन असतो. आता तो हक्काचा घटक आहे.

परत आजच्या दिवसात या. एमआरआयच्या बोगद्यात झोपलात की तुमच्याभोवती निओबियम-टायटॅनियमच्या अतिसंवाहक तारेची वेटोळी असतात. ती तार ओढताना मध्येमध्ये साधारण 400 अंश सेल्सियसला तापवतात, म्हणजे टायटॅनियमचे सूक्ष्म कण वेगळे होऊन आत बसतात. तार ज्या थंड तापमानाला चालते तिथे हे कण स्वतः अतिसंवाहक नसतात, पण तारेत शिरलेल्या चुंबकी क्षेत्राचे भोवरे त्यांच्यापाशी अडकून राहतात. भोवरे जागचे हलले, तर तारेत उष्णता निर्माण होते. हे कण नसतील, तर ती तार एमआरआयला लागणारा प्रवाह वाहून नेऊ शकत नाही.