वाटाड्याच्या मागे

जंगलात मुक्काम करत दिवसचे दिवस पायी जाणाऱ्या तांड्याच्या पुढे एक वाटाड्या असतो. मध्य भारतात तो बहुधा गोंड किंवा कोरकू. त्याच्या मागे कोण चालले हे काळाप्रमाणे बदलत गेले. आधी सर्वेक्षण करणारे साहेब आले, मग शिकारी, मग वनाधिकारी, आणि आता व्याघ्रगणनेचे स्वयंसेवक व पर्यटक. पुढे चालणारा मात्र तोच राहिला.

या इतिहासाची मुख्य वाट नागपूरच्या उत्तरेकडून निघते. मराठेशाहीच्या जरीच्या निशाणाचे नाव धारण करणारा आणि फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या वस्तीने वाढलेला जरीपटका आज शहराचा गजबजलेला भाग आहे. त्याच्या जवळून जाणारा रस्ता कामठी, मनसर, देवलापार, खवासा करत सिवनीला पोहोचतो. कन्हान नदीकाठी कामठीची लष्करी छावणी १८२१ साली वसली. मनसर मागे पडले की सागाची दाटी सुरू होते आणि सातपुड्याचा पायथा जवळ येतो. हे सदाहरित वर्षावन नव्हे. तसे रान महाराष्ट्रात सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आहे. इथले जंगल उष्णकटिबंधीय पानझडी आहे. त्यात साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह आहेत आणि उघड्या उतारांवर पांढऱ्याफटक सालीचा कुलू. पावसाळ्यात या रानात दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. फाल्गुनानंतर पाने झडली की तेच रान आरपार उघडे होते. पायी हिंडण्याचा हंगाम या पानगळीनेच ठरवला.

१८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. रेल्वे १८६७ साली नागपुरात पोहोचली, पण स्लीपरसाठी पक्क्या लाकडाचा शोध त्याआधीच सुरू झाला होता. कोणत्या डोंगरात किती साग शिल्लक आहे, हे मोजायला माणसे पाठवणे भाग होते. १८६२ साली कॅप्टन जेम्स फोर्सिथ महादेवाच्या डोंगरात शिरला. पचमढीच्या पठारावर त्याने बांधलेला ‘बायसन लॉज’ आजही उभा आहे. त्याचा वृत्तांत १८७१ मध्ये छापला गेला आणि त्याच वर्षी ऐन तारुण्यात तो वारला. पठार ‘शोधण्याचे’ श्रेय त्याच्या नावावर जमा झाले. खरे पाहता त्या पठारावर कोरकूंची वस्ती होती, त्यांचा ठाकूर होता आणि महादेवाच्या यात्रेच्या वाटा पिढ्यान्‌पिढ्या मळलेल्या होत्या. फोर्सिथला जंगल सापडले ते या लोकांनी दाखवले म्हणून. सिवनीकडच्या सातपुड्यातील मुक्कामी जीवनावर रॉबर्ट स्टर्नडेलचे पुस्तक १८७७ मध्ये निघाले. किपलिंगच्या मोगलीकथांना सिवनीचे रान मिळाले त्यात या पुस्तकाचा वाटा मानला जातो. किपलिंग स्वतः तिथे कधी गेला नव्हता.

पुढे वनखात्याचा हिवाळी दौरा ही पायी भ्रमंतीची ठरलेली पद्धत झाली. पावसाळा सरून नाले उतरले की अधिकारी मुक्काम हलवत निघे. तंबूंचे दोन संच असत. एकात साहेब झोपलेला असताना दुसरा रात्रीच बैलगाड्यांवर पुढच्या पडावाला रवाना होई, म्हणजे सकाळची चाल संपवून तो पोहोचेपर्यंत तिथे तंबू ताठ उभा आणि चूल पेटलेली असे. मुक्कामाची जागा पाण्यावर ठरे. कोणता डोह होळीपर्यंत टिकतो, कोणता संक्रांतीलाच आटतो, हे कोणत्याही नकाशावर नव्हते. ते वाटाड्याला विचारावे लागे.

या चाकोरीची दुसरी बाजू दुखरी आहे. १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी जंगले राखीव झाली. मेळघाटातील बैरागड व गुगामल भागांचे आरक्षण १८६६ पासूनचे. ज्या रानात मोह वेचायचा आणि जाळून मोकळ्या केलेल्या जमिनीत कोदो-कुटकी पेरायची, त्यात पाऊल टाकायला आता परवानगी लागू लागली. खात्याला मजूर हवे होते म्हणून राखीव जंगलातच वनग्रामे वसवली गेली. तिथे राहणाऱ्याला जमीन कसायला मिळे आणि बदल्यात खात्याचे काम करावे लागे. जाळरेषा साफ करणे, वणवा विझवणे, सामान वाहणे, शिकारीच्या हाक्याला उभे राहणे आणि वाट दाखवणे या सगळ्यांची त्यात गणती होती. साहेबाच्या शिकारकथेत ज्याचे नावही येत नाही तो माणूस अनेकदा स्वखुशीने आलेला नसे. जंगलाविषयीच्या इंग्रजी पुस्तकांतली ही उणीव मोठी आहे.

शिकारीचा खरा हंगाम एप्रिल-मे. झाडे उघडी, पाणी मोजक्या डोहांत आणि वाघ त्या पाण्याच्या आसपास. वाटाड्या पहाटे नाल्याच्या वाळूत ठसे बघे. ठशाची कड तीक्ष्ण असेल तर जनावर नुकतेच गेलेले. कड ढासळली असेल, आत दव पडून कण बसले असतील किंवा किड्याची रेघ ठशावरून गेली असेल, तर ते रात्रीच निघून गेले. वानराचा खाकर आणि सांबराचा इशारा ऐकून तो वाघाची दिशा बांधी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली, पण ही विद्या नवे काम घेऊन टिकली. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणात बसून प्राणी मोजण्याची प्रथा याच उन्हाळी ज्ञानावर उभी आहे.

संरक्षित क्षेत्रे एकामागून एक झाली. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ चा, पेंच राष्ट्रीय उद्यान १९७५ चे. मराठी वाचकाला पायी जंगल दाखवले ते मारुती चितमपल्ली यांनी. वनाधिकारी म्हणून नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट त्यांनी पालथे घातले आणि माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्यांकडून शिकलेले सगळे ऋण मानून लिहिले. इंग्रजी पुस्तकांतली उणीव त्यांच्या पानांत भरून निघते. तिथे वाटाड्याला नाव आहे, भाषा आहे, मत आहे. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले.

आज जिप्सीतली सफारी सर्वत्र रूढ आहे आणि बहुतेक व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यात पर्यटकाला खाली उतरता येत नाही. सातपुडा व्याघ्र प्रकल्प हा ठळक अपवाद. तिथे वाटाड्यासह पायी फिरता येते, आणि फोर्सिथच्या वाटेचे नाव घेऊन पचमढीकडून तंबूत मुक्काम करत उतरणारी काही दिवसांची पदयात्राही चालते. जाणाऱ्याचे सामान वेगळे पोहोचते. दुहेरी तंबूंचा जुना हिशेबच हा, फक्त बैलगाडीच्या जागी जीप आली.

खरी मोठी पायपीट मात्र व्याघ्रगणनेची. केवळ ठशांवरून मोजण्याची जुनी पद्धत अपुरी ठरल्यावर २००६ पासून दर चार वर्षांनी नव्या रीतीने अंदाज घेतला जातो. प्रत्येक बीटमध्ये, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीत, आधी मांसभक्षक प्राण्यांच्या खुणा शोधत किमान १५ किलोमीटर चालायचे. मग किमान दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर तृणभक्षी मोजत पुन्हा पुन्हा जायचे. चितळांचा कळप, रोही, गवा दिसला की संख्या, अंतर आणि होकायंत्रावरची दिशा टिपायची. २०२२ च्या गणनेत देशभर ६,४१,४४९ किलोमीटर अंतर पायी कापले गेले आणि महाराष्ट्रात ४४४ वाघांचा अंदाज निघाला.

या चालण्यात धोका आहे. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबाच्या कोलारा परिक्षेत्रात खुणा शोधत निघालेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली. तिच्यासोबत तीन वनमजूर होते. त्यानंतर ताडोबातले पायी सर्वेक्षण थांबवण्यात आले.

पेंचच्या सिल्लारी दारावर आणि इतर प्रवेशद्वारांवर आता आसपासच्या गावांतील तरुण प्रशिक्षण घेऊन नोंदणीकृत मार्गदर्शक म्हणून उभे असतात. प्रत्येक गाडीत त्यांच्यापैकी एक बसतो. गाडी नाल्याजवळ थांबली की तो बाजूने वाकून वाळूतली ठशाची कड बघतो.