मोटारीतला डायनॅमो का गेला?

सायकलच्या चाकाला टेकवायचा बाटलीच्या आकाराचा 'डायनॅमो' वर्गात उघडून दाखवावा. आत लोहचुंबक फिरतो आणि तारेचे वेटोळे जागेवरच राहते. कॉम्युटेटर नसतोच. म्हणजे त्यातून मिळतो तो प्रत्यावर्ती प्रवाह; नाव डायनॅमोचे, पण जात ऑल्टरनेटरची! दिव्याला प्रवाहाच्या दिशेशी काही देणेघेणे नसते, म्हणून हे खपते. मोटारीत मात्र बॅटरी भारित करायची असते आणि तिला दिष्ट प्रवाहच लागतो.

ही अडचण मोटारीहून जुनी आहे. १८३२ साली पॅरिसमध्ये पिक्सीने केलेल्या जनित्रातूनही उलटसुलट प्रवाहच निघत होता. तेव्हा असा प्रवाह कोणाला नको होता. म्हणून अँपिअरच्या सूचनेवरून पिक्सीने तो एका दिशेला वळवणारा कॉम्युटेटर बसवला. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला, हँडल मारण्याचा जाच संपला, आणि बॅटरी भारित करण्यासाठी हाच कॉम्युटेटर मोटारीत शिरला.

डायनॅमोत वीज निर्माण होते ती फिरत्या आर्मेचरमध्ये. सगळाच्या सगळा प्रवाह कॉम्युटेटर आणि कार्बनच्या ब्रशांमधून बाहेर काढावा लागतो. प्रवाह वाढला की ठिणग्या उडतात, ब्रश झिजतात. वेग फार वाढला तर आर्मेचरची वेटोळी बाहेर फेकली जाण्याची भीती. त्यामुळे त्याला बेताच्याच वेगाने फिरवत. परिणाम असा, की इंजिन जागच्या जागी संथ चालू असताना डायनॅमो जवळजवळ काहीच देत नसे. ल्युकास कंपनीचा सी-४० हा ब्रिटिश मोटारींत सर्रास आढळणारा डायनॅमो २२ अँपिअरचा. १२ व्होल्टला २६४ वॉट. प्रत्येकी ५५ वॉटचे दोन हेडलाइट लावले की त्यातले ९ अँपिअर गेलेच. उरलेल्यात वायपर, हीटरचा पंखा, रेडिओ आणि इंजिनाची ठिणगी.

याचा जाच प्रथम झाला तो अमेरिकेतल्या पोलिसांच्या गाड्यांना आणि रुग्णवाहिकांना. गाडी रस्त्याकडेला उभी, वायरलेस चालू, आणि बॅटरी रिकामी होत चाललेली. दुसऱ्या महायुद्धानंतर क्लीव्हलँडच्या लीस-नेव्हिल कंपनीने अशा गाड्यांना ऑल्टरनेटर पुरवले. प्रवाह सरळ करण्यासाठी त्यांना सेलेनियमच्या पट्ट्यांचे एकदिशकारक जोडलेले असत. ते अवजड होते, आणि उष्णता त्यांना सोसत नसे. घरच्या मोटारीत ते कोण बसवणार?

हा प्रश्न सुटला तो मोटारीच्या कारखान्याबाहेर. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले आणि क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट मोटारीत ऑल्टरनेटर बसवला. यात फिरणाऱ्या भागाला चुंबकत्वापुरता थोडकाच प्रवाह लागतो; भरपूर वीज स्थिर वेटोळ्यांतून निघते आणि सहा डायोड ती सरळ करतात. फिरणारा भाग दणकट असल्याने लहान पुली लावून तो इंजिनाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरवता येतो. मग सिग्नलला थांबलेल्या गाडीतही बॅटरी भारित होत राहते.

जुन्या मोटारीचे हौशी मालक आजही डायनॅमो काढून ऑल्टरनेटर बसवतात. त्याने रेडिओत जास्त प्रवाह 'ढकलला' जाईल ही भीती व्यर्थ आहे. व्होल्टता नियंत्रकाने बांधलेली असते आणि उपकरण आपल्या गरजेपुरताच प्रवाह घेते. भीती असावी ती तारेची. २२ ऐवजी ४४ अँपिअर जाऊ लागले, तर त्याच तारेत उष्णता चौपट निर्माण होते. म्हणून बॅटरीपर्यंतची जुनी तार बदलून जाड तार घालतात.