बॉम जेझसचा गिलावा

सन 1605. तुम्ही जुन्या गोव्यात उभे आहात. मांडवीवरून वारा येतोय आणि समोर बॉम जेझस चर्चची भिंत अजून लाल आहे. 1594 पासून इथे चिऱ्यावर चिरा चढतोय. दर्शनी नक्षीसाठी वसईहून काळा दगड आणलाय, बाकीचा बहुतेक जांभा. जवळ जा, हात लावा. बोट शिरेल एवढी भोकं आहेत. गोव्याच्या पावसात ही भिंत उघडी ठेवायची नसते, हे इथल्या गवंड्याला कुणी सांगावं लागत नाही.

भट्टीत शिंपले भाजून निघालेत. पाणी पडताच कळीचा चुना फसफसतो, फुटतो, वाफ उसळते. मागे सरा, डोळे सांभाळा! विरलेला चुना पाण्याखाली मुरत ठेवतात. जितका मुरेल तितका लोण्यासारखा मऊ. मग त्यात वाळू, गुळाचं पाणी आणि दमछाक करणारी कुटाई.

आता भिंत. आधी ती भरपूर भिजवायची, नाहीतर कोरडा चिरा मालातलं पाणी ओढून घेईल आणि गिलावा सुटेल. पहिला हात गवंडी जोरात फेकतो, कारण माल भोकांत घुसला पाहिजे. ओला असतानाच करणीच्या टोकाने त्यावर ओरखडे काढतो, पुढच्या थराला पकड मिळावी म्हणून. दुसरा थर रंध्याने सारखा करायचा. तिसरा बारीक चुन्याचा, घोटून घोटून. उन्हाने तडे जाऊ नयेत म्हणून झावळ्यांची सावली धरा, पाणी शिंपडत राहा. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत चुना सावकाश पुन्हा दगड होईल. ओल आत शिरलीच, तरी या थरातून ती बाहेरही पडते. सिमेंट तिला आत कोंडतं.

आता 1950 चं दशक. पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्टाझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली हाच गिलावा खरवडला जातोय. चर्च अधिक प्राचीन दिसावं, एवढ्यासाठी!

आणि आज, ऐन जुलैत, त्याच भिंतीपाशी या. चिरा ओलाचिंब आहे, कडा झडल्यात. पर्यटक या लाल रूपाचे फोटो काढतात. पण ते मूळचं नाही, सोललेलं आहे. 1986 पासून ही वास्तू जागतिक वारशात आहे. तिला चुन्याचा गिलावा परत द्यायला हवा, आणि तोही सिमेंटचा कणही न मिसळता.