मातोश्री बहिणाबाई चौधरी : एक ज्ञातिस्मरण

ज्ञातीच्या स्मरणिकेत पूर्वजांची चरित्रे छापण्याचा प्रघात जुना आहे. त्या चरित्रांत गावचे पाटील येतात, कर्ते शेतकरी येतात, शाळा व वसतिगृहे काढणारे समाजधुरीण येतात आणि ते यावेत हे योग्यच आहे. परंतु या सर्व कर्त्या पुरुषांना पहाटे उठून भाकरी कोणी घातली, दुष्काळात कणगीतले दाणे कोणी मोजून पुरविले, कर्ता गेल्यावर वाडा कोणी सांभाळला, याची नोंद आमच्या कागदपत्रांत क्वचितच सापडते. वंशावळीत बापामागून मुलाचे नाव येते. आईच्या नावाची जागा बहुधा कोरीच असते. म्हणून ज्या एका माउलीची स्मृती दैवयोगाने शाबूत राहिली, तिचे चरित्र ज्ञातीच्या घराघरांत पुन्हा एकदा वाचले जावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

बहिणाबाईंचा जन्म इ. स. १८८० साली नागपंचमीच्या दिवशी जळगावनजीकच्या आसोदे या गावी महाजनांच्या घरी झाला. वडिलांचे नाव उखाजी व आईचे भिमाई. तीन भाऊ व तीन बहिणी असे ते भरले घर होते. त्या काळी खान्देश हा एकच मोठा जिल्हा होता; त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पुढे १९०६ साली पडले. आसोद्याच्या मुली तेव्हा शाळेत जात नसत. त्यांचे शिक्षण शेतात, गोठ्यात, चुलीपाशी आणि आखाजीच्या झोक्यावर होई. बहिणाबाईंना अक्षरओळख कधीच झाली नाही, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात प्रथम सांगितली जाते. पण आमच्या पणजींपैकी बहुतेकींची स्थिती तीच होती. वेगळे घडले ते पुढे.

वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचा विवाह जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाला आणि माहेरचे मोकळे शिवार सुटून त्या मोठ्या एकत्र कुटुंबाच्या वाड्यात आल्या. ओंकार व सोपानदेव हे दोन पुत्र आणि काशी ही कन्या अशी तीन अपत्ये त्यांना झाली. तो काळच कठीण होता. १८९९-१९०० चा थोर दुष्काळ, जो जुनी माणसे ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणून सांगत, तो त्यांच्या ऐन तारुण्यात पडला. १८९६ साली मुंबईस उतरलेली प्लेगची साथ पुढे कित्येक वर्षे इलाखाभर फिरत राहिली. या साथीने त्यांच्याही घराला सोडले नाही. पुत्र ओंकार प्लेगातून वाचला, पण त्यास कायमचे अपंगत्व आले. त्यातच वयाच्या सुमारे तिसाव्या वर्षी बहिणाबाईंवर वैधव्याचा घाला पडला. सोपानदेव तेव्हा अगदी अजाण होते.

त्या काळी तिशीतल्या विधवेचे पुढील आयुष्य कसे जाई, हे आमच्या वाचकांस विस्ताराने सांगावयास नको. शुभकार्यात तिने मागे राहावयाचे, बोलताना आवाज खाली ठेवावयाचा आणि दैवाला दोष देत दिवस कंठावयाचे, अशी रीत होती. बहिणाबाईंनी शोक केला नाही असे नव्हे. त्यांच्या रचनांत तो आहे. पण हात जोडून बसण्याऐवजी त्यांनी हातांना काम दिले. पेरणी, निंदणी, कापणी, मळणी, गुराढोरांची देखभाल, तीन लेकरांचे संगोपन हे सर्व त्यांनी केले आणि ते करता करता त्या गात राहिल्या.

हे गाणे म्हणजे काय, ते नव्या पिढीस समजावून सांगितले पाहिजे. आमच्या घरांत पहाटे जाते फिरू लागले की ओवी सुरू होई. जड दगड एकटीने ओढावयाचा तर श्वासाला ताल हवा. तो ताल ओवी देई. सासू-सुनांचे बोलणे जेथे संपे तेथे ओवी बोले. माहेरची आठवण, भावाची वाट, न सांगता येणारे दुःख हे सारे जात्यापाशी सांगितले जाई आणि पीठ भरून झाले की विरून जाई. बहिणाबाईंनी ही घरोघरची ओवीच घेतली. मात्र तीत त्यांनी आपली दृष्टी घातली. सुगरणीच्या खोप्यात त्यांना प्रपंचाचे कौशल्य दिसले, उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोरात माणसाच्या अनावर मनाचे रूप दिसले. शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे रोज असणाऱ्या वस्तूंतून त्यांनी जे काढले, त्यासाठी पंडितांस ग्रंथ चाळावे लागतात. जळगावात आलेल्या छापखान्यावरही त्यांची रचना आहे. जिला एक अक्षर वाचता येत नव्हते तिने छापील कागदाच्या शहाणपणाचा विचार करावा, आणि तिचे स्वतःचे शब्द छापले जावेत ते मात्र तिच्या पश्चात, हा योग मोठा विलक्षण आहे.

ते छापले गेले याचे श्रेय घरातील दोन मुलांना आहे. सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांना शाळेत जाऊन लिहिता येऊ लागले होते. आई काम करताना जे म्हणत असे, ते हाती लागेल त्या कागदावर त्यांनी वेळोवेळी उतरवून घेतले. पुष्कळसे निसटलेच; जे उरले ते एका वहीत राहिले. सोपानदेव पुढे स्वतः कवी म्हणून प्रसिद्धीस आले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई जळगावी निवर्तल्या. त्यानंतर ती वही सोपानदेवांनी आचार्य प्र. के. अत्रे यांना दाखविली. अत्रे वाचून थक्क झाले. हे अस्सल सोने महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे अपराध ठरेल, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. त्यांच्याच पुढाकाराने व प्रस्तावनेसह १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. १९६१ सालच्या ‘मानिनी’ या चित्रपटाने त्यांतील शब्द खेड्यापाड्यांत पोहोचविले. पाठ्यपुस्तकांतून ते मुलांच्या मुखी गेले. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ साली बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. निरक्षर शेतकरीण आणि तिच्या नावाचे विद्यापीठ, याहून मोठा गौरव तो कोणता?

येथे एका गोष्टीचा खुलासा करणे आम्ही कर्तव्य समजतो. बहिणाबाईंची भाषा अहिराणी होय, असे सरसकट लिहिले जाते. अहिराणी ही आमच्या शेजारची थोर भाषा आहे व तिच्याविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु बहिणाबाईंच्या तोंडी होती ती यावल, रावेर, भुसावळ, जळगाव या टापूत आमच्या घरांत बोलली जाणारी लेवा गणबोली. तिचे नाते पूर्वेकडील वऱ्हाडीशीही जवळचे आहे. ‘डोळा’चा ‘डोया’, ‘काळा’चा ‘काया’ आणि ‘केळी’ची ‘केयी’ करणारी ही बोली शहरात गेलेल्या आमच्या कित्येक कुटुंबांनी संकोचाने टाकून दिली. पाहुण्यांसमोर आजी बोलू लागली की नातवंडांना कानकोंडे होते, असे प्रसंग आम्ही पाहिले आहेत. ज्या बोलीवर महाराष्ट्र लुब्ध झाला तीच आपल्या माजघरात लाजिरवाणी ठरावी, हे काही ज्ञातीस भूषणावह नाही.

आणखी एक विचार मनास टोचतो. बहिणाबाईंच्या घरी लिहिणारी दोन मुले होती म्हणून बहिणाबाई उरल्या. ज्या घरांत तशी मुले नव्हती, किंवा होती पण आईच्या बोलण्याकडे त्यांचे लक्ष नव्हते, तेथील किती वाणी जात्याच्या घरघरीबरोबर संपली असेल? हा केवळ तर्क नव्हे. हेमा राईरकर व गी पॉयट्वाँ या दोघांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमविण्यास प्रारंभ केला, तेव्हा एक लाखाहून अधिक ओव्या मिळाल्या, आणि त्याही गाणाऱ्या बायांच्या नावागावांसह. ऐकणारा भेटला की घरोघरी भांडार निघते, हेच त्यावरून सिद्ध होते.

बहिणाबाई आमच्या ज्ञातीच्या, असे आम्ही अभिमानाने म्हणतो. पण तो अभिमान सभेतील हारतुऱ्यांपुरता राहिला तर त्या माउलीशी आमचे नाते नावापुरतेच उरेल. तिच्या मुलांनी जे केले ते आपणही करणे, हेच तिचे खरे स्मरण होय. आता जाते गेले, चुलीही बहुतेक गेल्या. पण ज्यांनी त्या पाहिल्या अशा वृद्ध माता-भगिनी अजून काही घरांत आहेत. सभासद कुटुंबांस आमची विनंती एवढीच की, घरातील वडीलधाऱ्या बाईजवळ सवडीने बसावे. तिचे माहेरचे नाव, तिच्या आईचे व आजीचे नाव, तिला आठवणाऱ्या ओव्या, म्हणी, आखाजीची गाणी हे सारे तिच्याच बोलीत, शुद्ध करण्याच्या भरीस न पडता, उतरवून घ्यावे आणि घरच्या वंशावळीत जी जागा कोरी आहे तेथे तिचे नाव लिहावे. यास विद्वत्ता लागत नाही; एक वही आणि थोडा धीर पुरतो. सोपानदेव व पितांबर यांच्यापाशी प्रारंभी तेवढेच होते.