गाडी कधी बोलवायची?

मी शिरूर तालुक्यात नर्सबाई म्हणून रुजू झाले तेव्हा सुईणींचं प्रशिक्षण म्हणजे साबण, कोरं ब्लेड आणि उकळलेला दोरा. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, नाळेवर काही लावायचं नाही. विळ्यानं नाळ कापायची रीत होती, बाळं धनुर्वातानं जायची, म्हणून ते शिकवणं रास्तच होतं. पण म्हाताऱ्या सुईणी सगळं ऐकून घेत आणि मग विचारत, "पोर आडवं आलं तर ब्लेडनं काय करू, बाई?"

तालुक्यातच याचा निराळा विचार आधी झाला होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयात १९४४ पासून काम करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. बानू कोयाजी सत्तरच्या दशकात भीमेकाठच्या वढू बुद्रुकला आल्या. गावातलीच माणसं निवडून त्यांना आरोग्याचं काम शिकवायचं, असं त्यांनी ठरवलं. जामखेडला आरोळे पती-पत्नी १९७० पासून हेच करत होते, तेही अक्षरओळख नसलेल्या बायकांना हाताशी धरून. २ ऑक्टोबर १९७७ ला केंद्र सरकारनंही गावोगाव आरोग्यसेवक नेमायची योजना आणली. कोयाजीबाईंना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बाळंतिणी मरतात त्या मुख्यतः रक्तस्रावानं, रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांनी आणि जंतुसंसर्गानं. यातलं काहीच सुईणीच्या पेटीत बरं होणारं नव्हतं. १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या अभ्यासकांनी तीन उशीर मांडले: निघायला, पोचायला आणि पोचल्यावर उपचार मिळायला. पहिला उशीर घरातला, म्हणून गावातल्या बाईच्या हाती असलेला. मग शिकवण्याचा रोख हातांवरून डोळ्यांवर आला. तोंडावर सूज, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून जाणं, बाळाची हालचाल मंदावणं: यातलं एक जरी दिसलं तरी वेणांची वाट बघायची नाही.

२००५ मध्ये आशा योजना आली, साधारण हजार वस्तीला एक आशाताई. त्याच वर्षीच्या जननी सुरक्षा योजनेनं बाळंतपणं दवाखान्याकडे वळवली. कागदावर सगळं नीट बसलं. पुढे माझी बदली दौंडला झाली आणि पाटसच्या कारखान्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या पाहिल्या. बाईची नोंद बीडला, दिवस भरत आलेले इथल्या कोपीत, आणि हातात कोयता. माहेरी येणाऱ्या पहिलटकरणींचंही तेच: गोळ्या सासरच्या आशाताईनं दिलेल्या, बाळंतपण इथल्या आशाताईच्या गळ्यात. त्यामुळे शहाण्या आशाताई गावातल्या नोंदीवर थांबत नसत. कोपीकोपीतून फिरत, मुकादमाला गाठत, रात्री गाडी कुणाची आणि मागं पोरं कोण सांभाळणार हे आठव्या महिन्यातच ठरवून घेत.

अडतं मात्र उंबऱ्यात. "आमची बाळंतपणं घरीच झाली की," असं सासू म्हणते, आणि वहीतली लक्षणं तिथं उपयोगी पडत नाहीत. सासूला कसं वळवायचं, हे मी पाहिलेल्या वर्गांत शेवटच्या अर्ध्या तासात उरकायचे. मला विचाराल तर त्याला अख्खा दिवस द्यावा, आणि शिकवायला एखादी सासूच बोलवावी.