चंद्राच्या हिशोबाचा सिनेमा

खुलताबादला पिक्चर कधी येणार, हे मुंबईत ठरत नसे. ते चंद्र ठरवायचा. हजरत जर जरी जर बक्ष यांचा उरूस रबीउल अव्वल महिन्यात भरतो, आणि हिजरी वर्ष आपल्या वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून तो दरसाल मागे मागे सरकतो. तंबूवाला टुरिंग टॉकीज या गर्दीमागून यायचा. उरूस थंडी-उन्हाळ्यात पडला तर त्याची चांदी. पावसाळ्यात पडला तर तो फिरकायचाच नाही, चिखलात तंबू ठोकणार कोण?

आमच्या घरात त्यामुळे माणसांच्या आठवणीही चंद्राने वाटून दिल्यात. आजोबांच्या वाट्याला 1940 नंतरचे, थंडीतले उरूस आले. राज्य निजामाचं, नाणं हाली शिक्क्याचं. इंग्रजी सहा रुपयांना हाली सात पडायचे. आजोबा सांगायचे, तिकीट काढून आत गेलं की बसायला जमीन, पोतं ज्याचं त्याने आणायचं. मध्ये दोर बांधलेला, अलीकडे पुरुष, पलीकडे बाया. मशीन एकच. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपायचं, की दिवे लागायचे आणि विड्या पेटायच्या. ऑपरेटर दुसरं रीळ चढवी, जळून आखूड झालेल्या कार्बनच्या कांड्या जवळ सरकवी. आजोबांना हे मधले दिवे सिनेमाइतकेच आवडायचे, कारण दोरापलीकडे कोण बसलंय ते तेवढ्यात दिसायचं. (आजी हे ऐकून उठून जायची.)

ज्या आलमगीर औरंगजेबाने दरबारातलं गाणं बंद केलं, त्याची उघडी कबर याच गावात. तंबूचा भोंगा मात्र अर्ध्या रात्रीपर्यंत गात असायचा.

आत्या मोठी झाली ती 1960 च्या आसपास. तेव्हा उरूस नेमका श्रावण-भाद्रपदात. तिच्या आठवणीत खाजा आहे, पाळणे आहेत, पिच्चर नाही. ‘माझ्या नशिबी नुसता चिखल,’ ती अजून म्हणते. पक्कं थिएटर बघायचं तर एसटीने औरंगाबादला जावं लागे, आणि पोरींना कोण नेतंय!

मग चंद्र फिरला. 1975 साली ‘जय संतोषी माँ’ निघाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत उरूस पडला फाल्गुन-माघात. वडील सांगतात, बाया तंबूच्या दारात चपला काढून आत गेल्या, पडद्यावर देवी दिसताच नाणी उधळली. चपलांच्या ढिगाशी राखण करत बसले होते शेजारचे चाचा, नमाज आटोपून आलेले. पीराच्या उरुसात देवीचा सिनेमा, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

1990 च्या दशकात उरूस पुन्हा पावसात शिरला, आणि त्याच वर्षांत घरोघरी केबल आली. दहा वर्षांनी तो बाहेर पडला तेव्हा तंबूची वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रांत काहींनी तग धरला, रिळांऐवजी डिजिटल मशीन घेतलं. त्यांच्यावरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट 2016 साली कान महोत्सवात गाजला. तो मी आत्याला लॅपटॉपवर दाखवला. तिने अर्धा बघितला आणि विचारलं, यात पाऊस कुठंय?