कोकेनचे व्यसन आणि अमेरिकेतील उपचारव्यवस्था : एक ऐतिहासिक विवेचन

मादक पदार्थांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा व्यापार व कायदा यांकडे जाते. व्यसनासक्तांस उपचार देणाऱ्या संस्थांचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहतो. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कोकेनचे व्यसन झपाट्याने वाढले आणि तेथील उपचारकेंद्रांवर असह्य ताण पडला. या ताणाचे कारण म्हणून रुग्णसंख्येच्या वाढीकडे बोट दाखविण्यात येते. ते कारण खरे असले तरी पुरेसे नाही. ही व्यवस्था मुळात अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनासाठी घडविली गेली होती, आणि त्यामुळे कोकेनच्या रुग्णास द्यावयास तिच्याजवळ फारसे काही नव्हते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

व्यसनाच्या इतिहासात कोकेनचा प्रवेश औषध म्हणून झाला, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. १८८४ साली व्हिएन्ना येथे सिग्मंड फ्रॉइड याने कोका या वनस्पतीवर निबंध लिहिला व मॉर्फीनचे व्यसन सोडविण्यास कोकेन उपयुक्त असल्याचे मत मांडले. त्याचा स्नेही एर्न्स्ट फॉन फ्लाइश्ल-मार्क्सो हा असह्य वेदनांपायी मॉर्फीनच्या आहारी गेला होता. त्यास कोकेन देण्यात आले. परंतु मॉर्फीन तर सुटले नाहीच, उलट कोकेनचेही व्यसन जडले. १८९१ साली त्याचा मृत्यू झाला. एका व्यसनावरील उपाय दुसऱ्यास लागू पडत नाही, हा या प्रकरणाचा बोध पुढील पिढ्यांनी मनावर घेतला असे दिसत नाही.

अमेरिकेत १९१४ च्या हॅरिसन कायद्याने अफू व कोकेन ही दोन्ही एकाच नियंत्रणाखाली आली. वस्तुतः एक गुंगी आणणारे, तर दुसरे उत्तेजित करणारे. परंतु कायद्याच्या दृष्टीने हा भेद गौण ठरला. व्यसन चालू ठेवण्यासाठी वैद्याने औषध लिहून देणे हा वैद्यकीय व्यवसायाचा भाग नव्हे, असा निर्णय १९१९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. अनेक नगरांनी उघडलेले दवाखाने त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत बंद पडले. १९३५ साली केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे व १९३८ साली टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे केंद्र सरकारने मोठी रुग्णालये स्थापन केली. त्यांत स्वेच्छेने आलेल्या रुग्णांबरोबर शिक्षा झालेले बंदीही ठेवले जात. या काळात कोकेनचा वापर बराच ओसरला होता. सबब तेथील वैद्यांचा अनुभव व संशोधन ही मुख्यतः मॉर्फीन आणि हेरॉईन यांच्या रुग्णांवर आधारलेली राहिली.

व्यसन म्हणजे काय, याची वैद्यकीय व्याख्याही याच अनुभवातून घडली. अफूवर्गीय पदार्थ एकाएकी थांबविला असता रुग्णास कंप, उलट्या, अंगदुखी अशी स्पष्ट शारीरिक लक्षणे होतात. ती दिसली की व्यसन सिद्ध झाले असे मानले जाई. कोकेन सोडणाऱ्यास खिन्नता, ग्लानी व अनावर लालसा यांचा त्रास होतो. तथापि बाहेरून दिसणारी तशी लक्षणे होत नाहीत. त्यामुळे कोकेनने खरे व्यसन जडत नाही, हा समज १९७० नंतरच्या दशकात अनेक तज्ज्ञांतही रूढ होता. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली प्रसिद्ध केलेल्या रोगनिदानग्रंथात कोकेनच्या दुरुपयोगाचा निर्देश आहे. परंतु कोकेनवरील अवलंबन असा स्वतंत्र विकार नाही. तो १९८७ च्या सुधारित आवृत्तीत समाविष्ट झाला. तोवर साथ शिगेला पोहोचली होती.

दरम्यान १९६५ साली व्हिन्सेंट डोल व मेरी निस्वांडर यांनी हेरॉईनच्या रुग्णांवरील मेथाडोनचा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि १९७१ नंतर केंद्र सरकारच्या साह्याने मेथाडोनची केंद्रे देशभर पसरली. हे औषध हेरॉईनची लालसा शमविते. कोकेनच्या लालसेवर त्याचा उपाय चालत नाही. १९८४-८५ च्या सुमारास न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, मायामी आदी नगरांत ‘क्रॅक’ हा कोकेनचा धूम्ररूपाने ओढण्याचा स्वस्त प्रकार पसरला. काही क्षणांत चढणारी व काही मिनिटांत उतरणारी ही नशा गरीब वस्त्यांना ग्रासू लागली, तेव्हा सार्वजनिक केंद्रांजवळ या रुग्णांसाठी सिद्ध असे औषध नव्हते. विम्याचे संरक्षण असलेल्या सधन रुग्णांसाठी खाजगी रुग्णालये होती. निर्धनांच्या वाट्यास मात्र प्रतीक्षायादी आली. १९८८ च्या कायद्यात अशा याद्या कमी करण्यासाठी खास अनुदानाची तरतूद करावी लागली, यावरूनच परिस्थितीची कल्पना यावी.

या अभावाची सर्वाधिक झळ गरोदर स्त्रियांस लागली. वेंडी चावकिन यांनी न्यूयॉर्कमधील ७८ उपचारकेंद्रांची पाहणी केली, तेव्हा शेकडा ५४ केंद्रे गरोदर स्त्रियांना मुळीच प्रवेश देत नसल्याचे आढळले. सरकारी वैद्यकीय साह्यावर अवलंबून असलेल्या व क्रॅकचे व्यसन जडलेल्या गरोदर स्त्रियांस तर शेकडा ८७ केंद्रांची दारे बंद होती. ज्या मातांवर समाज सर्वांत कठोर शब्दांत दोषारोप करीत होता, त्यांनाच उपचार दुर्लभ होता.

शिक्षेची यंत्रणा मात्र त्वरेने उभी राहिली. १९८६ च्या कायद्याने पाच ग्रॅम क्रॅकच्या विक्रीस किमान पाच वर्षांचा कारावास ठरविला. तेवढ्याच शिक्षेस कोकेनची भुकटी पाचशे ग्रॅम असावी लागे. या विषमतेचा भार मुख्यतः कृष्णवर्णीयांवर पडला, आणि हे शंभरास एक असे प्रमाण २०१० पर्यंत टिकले. त्या वर्षी ते अठरास एक करण्यात आले. १९८९ साली मायामी येथे आरोपीस कारागृहाऐवजी उपचाराकडे वळविणारे विशेष न्यायालय स्थापन झाले खरे. परंतु उपचाराचा मार्ग न्यायालयातून जावा, हीच स्थितीची विपरीतता होती.

उपायाचा शोध अगदीच निष्फळ ठरला असे नाही. १९९० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत व्हर्मांट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धती तपासली. तीत लघवीच्या तपासणीत कोकेन न आढळल्यास रुग्णास वस्तुरूपाने मोबदला देणाऱ्या पावत्या मिळत. तिचे परिणाम आशादायक होते. तथापि व्यसनीस मोबदला देण्याची कल्पना अनेकांस रुचली नाही. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनी तिचा व्यापक स्वीकार करण्यास २०११ साल उजाडावे लागले. कोकेनच्या व्यसनावर तेथील औषधनियंत्रकांनी मान्य केलेले एकही औषध अद्याप नाही.

तात्पर्य, उपचारव्यवस्था ही मागील साथीची स्मृती असते. ज्या व्यसनाने तिला जन्म दिला त्याच्याच मापाने तिच्या खाटा, तिची औषधे आणि तिच्या व्याख्या ठरतात. नव्या पदार्थाने ग्रासलेला मनुष्य तिच्या दाराशी येतो, तेव्हा त्याचा रोग ओळखण्यासच तिला वर्षे लागतात. आणि त्या वर्षांत त्यास रुग्ण न समजता अपराधी समजले जाते. अमेरिकेच्या अनुभवातील ही किंमत ज्यांनी मोजली, त्यांपैकी बहुतेकांजवळ मोजण्यासारखे दुसरे फारसे काही नव्हते.